आवाजातला कंप

परवा आईचं कपाट आवरताना साड्यांच्या घड्यांखाली एक वही सापडली. शंभर पानी, पुठ्ठ्याच्या कव्हरची, कोपरे झिजून गोल झालेले. आत शाईच्या पेनानं, टपोऱ्या अक्षरात गाणी उतरवून घेतलेली. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर सिनेमाचं नाव, संगीतकाराचं नाव आणि साल. मधेच एखादी अर्धी ओळ गाळलेली आणि तिथे नुसती टिंबं. रेडिओवर गाणं एकदाच लागायचं ना! पहिली ओळ आईनं टिपायची, दुसरी तिच्या मैत्रिणीनं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना दोघींनी जुळवाजुळव करायची. राहिलेली टिंबं पुढच्या वेळी गाणं लागेल तेव्हा भरायची.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या आईकडे अशी वही असेल! आमच्या आईच्या वहीत एक गंमत मात्र आहे. मी सहज मोजली. पंचेचाळीस गाण्यांपैकी एकतीस एकाच गायकाची. तलत महमूदची.

आमच्या घरी तलतला सगळे अरेतुरे करायचे. लताचा उल्लेख व्हावा तसा तलतचा व्हायचा, घरातल्यासारखा. म्हणून मीही इथे तसंच लिहिणार आहे. आणि खरं सांगायचं तर तलतचं नाव निघालं की मला एक जुनी गोष्ट टोचत राहते. ती शेवटी सांगते. आधी त्याच्याविषयी.

तलतचा जन्म लखनौचा, २४ फेब्रुवारी १९२४चा. म्हणजे २०२४ साली त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली. घर खानदानी, जुन्या वळणाचं. गाणं ऐकायला हरकत नव्हती, पण घरातल्या मुलानं गाणं हा धंदा करावा हे कुणाला रुचणारं नव्हतं. तरी हा मुलगा लखनौच्या मॉरिस कॉलेजात गाणं शिकला. हे कॉलेज १९२६ साली आपल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीतून उभं राहिलेलं. शास्त्रीय संगीत वर्गात बसून शिकता येतं हे ज्यांनी देशाला पटवलं, त्यांच्या कामाचा धागा असा तलतपर्यंत पोचतो.

पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच तो लखनौ रेडिओवर गझला गाऊ लागला. दाग, मीर, जिगर ही त्याची नेहमीची मंडळी. १९४१ साली एचएमव्हीनं त्याची पहिली रेकॉर्ड काढली. घरात कुरबुर वाढली आणि शेवटी निवड करायची वेळ आली. एक तर घर, नाहीतर सिनेमा. तलतनं सिनेमा निवडला. घरच्यांनी त्याला मनापासून स्वीकारलं ते जवळजवळ दहा वर्षांनी, त्याचं नाव झाल्यावर, आणि त्या नावाला कुठलाही डाग नाही हे दिसल्यावर.

त्या काळी गाणाऱ्या माणसाची पंढरी म्हणजे कलकत्ता. सैगल, पंकज मलिक, कानन देवी यांचं न्यू थिएटर्स तिथलं. १९४४ साली तिथे कमल दासगुप्तांच्या संगीतात तलतनं एक बिगरफिल्मी गाणं गायलं, प्रेयसीच्या तसबिरीवरचं. ते देशभर गाजलं. तिथेच तो 'तपनकुमार' या नावानं बंगाली गाणी गायला. दिसायला देखणा, उंच, बोलण्यात लखनवी अदब. मग सिनेमावाल्यांनी त्याला पडद्यावर न आणलं तरच नवल! १९४५च्या 'राजलक्ष्मी'त तो दिसला. पुढे ज्या लतिका मलिकशी त्याचं लग्न झालं, तीही कलकत्त्याची, बंगाली ख्रिश्चन, सिनेमात काम करणारी. १९५१ साली दोघांचं लग्न झालं. जुन्या वळणाच्या घरातला मुलगा आणि अशी सून. पण संसार अखेरपर्यंत टिकला.

१९४९ साली तलत मुंबईला आला आणि आल्या आल्या एक वेगळंच संकट उभं राहिलं. त्याच्या आवाजात एक बारीक कंप होता. वीणेची तार छेडल्यावर बोट काढलं तरी ती जरा वेळ थरथरत राहते ना, तसा. कुणीतरी बोलायला सुरुवात केली की हा मुलगा माईकसमोर घाबरतो, म्हणून याचा आवाज कापतो. सिनेमाच्या धंद्यात अशी बोलणी वाऱ्यासारखी पसरतात. नवीन माणूस, परकं शहर. तलत बिचारा तो कंप लपवून गायचा प्रयत्न करू लागला.

पुढची हकीकत जुन्या जाणकारांनी अनेकदा सांगितली आहे. संगीतकार अनिल विश्वास यांनी 'आरजू'साठी त्याला बोलावलं. चित्रपट शाहिद लतीफ यांचा, कथा इस्मत चुगताईंची, नायक दिलीपकुमार. तलतनं गाणं म्हणून दाखवलं, अगदी सरळ, सपाट, सांभाळून. अनिलदांना ते काही पसंत पडेना. ज्या आवाजासाठी त्याला बोलावलं होतं, तो हा नव्हेच! त्यांनी कंपाची चौकशी केली. तो दोष आहे म्हणून काढून टाकायचा प्रयत्न करतोय, असं तलतनं प्रामाणिकपणे सांगितलं. तेव्हा अनिलदांनी त्याला बजावलं, की मला तो कंपच हवा आहे, तो नसेल तर तुझी गरजच नाही. तलत पुन्हा त्याच्या आवाजात गायला. जगापासून दूर कुठेतरी निघून जावं असं वाटणाऱ्या माणसाचं ते गाणं. तुमच्या ओठांवर एव्हाना आलंही असेल. १९५० साली 'आरजू' लागला आणि तलत महमूद हे नाव घराघरांत गेलं.

त्यानंतरची चार-पाच वर्षं म्हणजे तलतचीच! 'बाबुल', 'तराना', 'दाग', 'संगदिल', 'फुटपाथ'. दिलीपकुमार कपाळावर केसांची बट घेऊन पडद्यावर उदास झाला, की आवाज तलतचा. 'दाग'साठी दिलीपकुमारला फिल्मफेअरचं पहिलंवहिलं उत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं, त्यात थोडा वाटा या आवाजाचाही असेल असं आईचं ठाम मत! 'अनहोनी'त राज कपूरला तलतनं आवाज दिला. आणि देव आनंद? तो तर त्या काळातला सगळ्यात ऐटबाज माणूस. तिरपी टोपी, मान किंचित कललेली. 'पतिता' आणि 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये त्याच देव आनंदनं तलतच्या आवाजात दुःख सांगितलं आणि कॉलेजातल्या मुली आणखीच घायाळ झाल्या. 'टॅक्सी ड्रायव्हर'मधल्या त्या एका गाण्यासाठी सचिनदेव बर्मन यांना फिल्मफेअर मिळालं. तेव्हा ते बक्षीस सबंध सिनेमाच्या संगीताला नसे, एकेका गाण्याला असे.

मी आईला एकदा विचारलं होतं, की तुला रफी नाही, मुकेश नाही, तलतच का? त्यावर तिनं जे सांगितलं ते मला अजून पटतं. तिच्या घरी पुरुष बोलायचे म्हणजे हुकूम द्यायचे. आजोबा ओटीवर खाकरले की आतल्या बायका गप्प व्हायच्या. वडील मोठ्यानं, थोरला भाऊ त्याहून मोठ्यानं. आणि रेडिओत हा एक पुरुष असा, की जो आवाज न चढवता बोलत होता. मी हरलो, मला दुखतंय, मला तुझी आठवण येते, हे त्याला सांगता येत होतं. असा पुरुष जगात असू शकतो हे तिला पंधराव्या वर्षी रेडिओमुळे कळलं.

यात माईकची करामतही होतीच. माईक नव्हता तेव्हा नाटकातल्या गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागायचा. माईक आला आणि कानाशी येऊन हलकेच गाणं शक्य झालं. तिकडे अमेरिकेत बिंग क्रॉस्बी, फ्रँक सिनात्रा, नॅट किंग कोल यांनी याच हलक्या आवाजावर लोकांना वेड लावलं. अशा गाणाऱ्यांना तिकडे 'क्रूनर' म्हणतात. आपल्याकडे सैगलनं ही वाट पाडली आणि तलतनं त्या वाटेवर मखमल अंथरली. पुढे अमेरिकेच्या दौऱ्यात तिथल्या टीव्हीवर तलतची ओळख भारताचा सिनात्रा अशी करून देण्यात आली होती.

ही गाणी ऐकायची तरी सोय कुठे होती? १९५२ साली नभोवाणी खातं डॉ. बाळकृष्ण केसकरांकडे गेलं. आपलेच, मराठी. शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. मग सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. आमच्या आजोळी, साताऱ्यात, रेडिओ होता तो शेजारच्या वकिलांकडे. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला सुरू झाली की आई काही ना काही निमित्त काढून वकिलांच्या ओसरीवर. कधी वाटी परत द्यायला, कधी विरजण मागायला. वकीलवहिनी हुशार होत्या. विरजण आणायला त्या मुद्दाम तासभर लावायच्या!

पण तलतच्या आयुष्याला इथेच वळण लागलं. देखणा होता, लोकप्रिय होता. सिनेमावाल्यांना वाटलं, हा गातोही आणि दिसतोही, मग नायकच करू. १९५३ साली ए. आर. कारदार यांनी 'दिल-ए-नादान'मध्ये त्याला नायक केलं. पुढे 'वारिस'मध्ये सुरैयाबरोबर, 'एक गाँव की कहानी'त माला सिन्हाबरोबर, 'सोने की चिडिया'त आपल्या नूतनबरोबर. कमावत्या नटीला नातेवाईक कसे लुबाडतात याची ती गोष्ट, तीही इस्मत चुगताईंच्या लेखणीतली. आजही अंगावर येते. एकूण डझनभर सिनेमे झाले असतील. त्यातला एकही तलतला मोठा नट करू शकला नाही. कॅमेऱ्यासमोर तो अवघडल्यासारखा वाटायचा. अदब आड यायची, दुसरं काय!

शूटिंगच्या तारखांत गाणं मागे पडलं. इकडे नौशादमियांसमोर त्यानं सिगरेट ओढली, ते त्यांना रुचलं नाही आणि पुढची गाणी रफीकडे गेली, असंही सांगतात. खरंखोटं ते दोघं जाणोत. पण सिगरेटचं सोडा, काळच बदलत होता. १९६१ साली शम्मी कपूर 'जंगली'त बर्फावरून आरोळी ठोकत घसरला आणि गाण्यातला नायक उड्या मारायला लागला. वाद्यमेळ मोठा झाला, पट्टी चढली. कानाशी येऊन गाणाऱ्या माणसाचं त्या गलक्यात काय चालणार?

तलत भांडला नाही. कुणाविरुद्ध मुलाखती दिल्या नाहीत, कुणाच्या दारात जाऊन बसला नाही. जी गाणी मिळाली ती मन लावून गायला. आणि त्यांतली काही तर अशी आहेत की विचारू नका. १९५९चा बिमल रॉय यांचा 'सुजाता' आठवतोय? अस्पृश्य म्हणून जन्मलेली, ब्राह्मण इंजिनिअरच्या घरात वाढलेली, पण त्या घराची पुरती कधीच न झालेली मुलगी. टेलिफोनवर सुनील दत्त गातो आणि इकडे नूतन रिसीव्हर कानाला लावून नुसती उभी. एक शब्द बोलत नाही. डोळे भरून येतात, एवढंच. तिथे दुसरा कुठलाही आवाज घालून बघा, जमणार नाही. त्या मुलीशी आयुष्यात कुणी मोठ्यानं बोललं तर ती घाबरून पळूनच गेली असती.

आईच्या वहीत 'सुजाता'च्या गाण्याला एक पूर्ण पान आहे. एकही टिंब नाही. आणि त्यापुढचं पान मराठी गाण्याचं! १९६१ साली 'पुत्र व्हावा ऐसा' या चित्रपटासाठी पी. सावळाराम यांची गीतं वसंत प्रभूंनी तलतकडून गाऊन घेतली. एक एकट्याचं, एक आशाताईंबरोबरचं, लाडिक तक्रारीचं. आईला वाटलं, तलत आपल्या घरी जेवायला आला! त्याच्या मराठी उच्चारांत लखनौची किंचित झाक आहे, ती तिला फार आवडायची.

मग १९६४चा 'जहाँआरा'. निर्मात्याच्या मनात तेव्हाचा चलतीचा आवाज होता. संगीतकार मदन मोहन अडून बसले, की ही गाणी तलतच गाईल. गाणी अशी झाली की ऐकताना दिवेलागणीची हुरहुर लागते. सिनेमा मात्र पडला. त्यानंतर तलतची सिनेमातली गाणी जवळजवळ थांबलीच. १९५६ साली पूर्व आफ्रिकेचा दौरा करून परदेशात जाहीर कार्यक्रमांची वाट त्यानं आधीच धरली होती, त्या कार्यक्रमांनी त्याला पुढे साथ दिली. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही तो गायला. १९९२ साली पद्मभूषण मिळालं. ९ मे १९९८ रोजी मुंबईत तो गेला. सगळी मिळून गाणी आठशेच्या आतली. त्या काळातल्या दुसऱ्या मोठ्या गायकांच्या मानानं फारच थोडी. पण टाकाऊ किती, म्हणून शोधायला गेलं तर हाती फार काही लागत नाही.

आता ती टोचणारी गोष्ट.

१९७९ साल. मी दहावीत होते. आमच्याकडे चार मैत्रिणी अभ्यासाला आल्या होत्या. आई आत कणीक मळत होती आणि मळता मळता गात होती. तलतचंच. आईचा आवाज गोड होता, पण कापायचा. वरच्या सुरावर गेला की थरथरायचा. मैत्रिणींनी एकमेकींकडे बघितलं. एकीनं वही तोंडापुढे धरली, हसू लपवायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले, आत गेले आणि आईला म्हटलं की गाऊ नकोस, सगळ्या हसताहेत. आईनं मान हलवली. कणकेचा गोळा झाकून ठेवला आणि पोळपाट काढला. संपलं. त्यानंतर मी तिला मोठ्यानं गाताना कधी ऐकलं नाही. खूप वर्षांनी मावशीनं सांगितलं, की शाळेतही असंच झालं होतं. गॅदरिंगच्या समूहगीतात आवाज कापतो म्हणून आईला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. म्हणजे पहिला घाव शाळेचा आणि दुसरा माझा.

परवा वही सापडली तेव्हा मी ती घेऊन आईजवळ बसले. आई आता ८८ वर्षांची आहे. आवाजच काय, हातही कापतो, चहाचा कप बशीत वाजतो. मी तिला अनिलदांची आणि तलतची ती हकीकत सांगितली. मला वाटलं, तिला नवीन असेल. ती गालातल्या गालात हसली आणि वही माझ्याकडून घेऊन शेवटचं पान उघडलं. तिथे वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण चिकटवलेलं होतं. तीच हकीकत! कडेला शाईनं तारीख घातलेली, १९६३ची. म्हणजे तिला हे तेव्हापासून माहीत होतं. १९७९ साली मी तिला गप्प केलं तेव्हाही माहीत होतं.

मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली की मला कुठला प्रसंग ते आठवतच नाही. माझा यावर विश्वास नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या गाण्यांची सालं जिला पाठ आहेत, ती हे विसरेल?

तलतला वेळेवर अनिलदा भेटले. तुझा कंप कुठे गेला, असं विचारणारं माणूस. आईला भेटले ते मान वळवून हसणारे, आणि त्यांत मी. तिचं गाणं काही फार मोठं होतं असं मी म्हणत नाही. पण घरातल्या स्वयंपाकघरात तरी ते राहायला हवं होतं. मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी बेसूर, कापऱ्या, फाटक्या आवाजात गात असेल, तर एवढंच करा. दार लावून घ्यायला उठू नका.

मी आईची माफी मागितली. तिनं हातानंच उडवून लावली. मग म्हणाली की ते टेलिफोनवरचं लाव. तिला उजव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून मोबाइल डाव्या कानाशी धरला. सबंध गाणं ती डोळे मिटून ऐकत होती, रिसीव्हर धरल्यासारखा तो फोन स्वतःच्या हातात घेऊन. पहिल्या कडव्याला तिचे नुसते ओठ हलत होते. दुसऱ्या कडव्याला आवाज आला. बारीक, थरथरता.

मी शेजारी बसून वहीतून शब्द दाखवत होते. तिला त्यांची गरज पडली नाही.